सरांचा चष्मा

स्मरणिकेसाठी लिही म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा मी वाईला शूटिंगला होतो, अंगात धोतर-सदरा, नाकावर चष्मा, रोल रिटायर्ड हेडमास्तरांचा. 58 वर्षांचा होईपर्यंत एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यानंतर हे सुरू झालं. लोकांना टाइमपास वाटतो पण तसं अजिबात नाहीये.

आठवीला गॅदरिंगच्या नाटकात मी म्हाताऱ्याचं काम केलेलं. मराठीचे सर तालमीला हॉलच्या पार शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे, माइक नव्हताच, आणि "इथवर येऊ दे रे" एवढंच म्हणायचे. ओरडलो की म्हणायचे, ओरडू नको, शब्द पूर्ण कर. वाक्यातला शेवटचा शब्द गिळायची माझी सवय त्यांनीच मोडली, पुढं स्टँडवर इतकी वर्षं गाड्या पुकारल्या त्या त्याच जोरावर.

डॉ. श्रीराम लागूंबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेही सरांकडूनच. जन्म 1927 चा, आपल्या साताऱ्यातला. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, टांझानियातही काम केलेलं, हौशी नाटक चालूच होतं पण चाळिशी उलटल्यावर 1969 ला डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले, आणि पुढच्याच वर्षी नटसम्राट! 43 व्या वर्षी थकलेला म्हातारा बेलवलकर उभा केला त्यांनी. सिनेमा तर त्याच्याही नंतर. 1972 च्या पिंजरामध्ये मास्तर, सामनामध्येही मास्तरच, पण एक आदर्शवादी, ताठ मानेचा आणि दुसरा दारूत बुडालेला, दोघांची चाल वेगळी, नजर वेगळी. कॅरेक्टर रोल म्हणजे काय हे मी या दोन मास्तरांकडं बघून बघून शिकलो.

माझ्या पहिल्या दिवशी 9 टेक झाले. डायलॉग पाठ होता, पण उभं कसं राहायचं तेच सुचेना. मग सर आठवले. पोराला उत्तर येत नसलं की सर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसायचे, म्हणजे पोराला तेवढाच वेळ मिळायचा. तसंच केलं, टेक ओके.

सर आता नाहीत. काकूंना तो सीन मोबाइलवर दाखवला, त्यांनी दोनदा बघितला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे आधी डावी काच पुसायचे."

तेव्हापासून मी डावी काच आधी पुसतो.