पर्लिनचा तिढा सुटला: गच्चीवरची खोली, पुढची नोंद

मंडळी, पर्लिन (छताचा पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा पोलादी पाईप) हाती आली! मागच्या नोंदीत पत्र्याखाली, दोन पर्लिनमधल्या सगळ्या खणांत रॉकवुल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) बसवून झालं होतं, फॉइल खोलीकडे होती, खाली जाळी ताणली होती, आणि तरीही दुपारी खोलीत बसवत नव्हतं. नागपुरात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आलेला असताना हे सहन होण्यासारखं नव्हतं.

तापमापी गन घेऊन दुपारी सगळं छत तपासलं. चकचकीत फॉइलवर गनचा आकडा खरा येत नाही, कारण ती समोरच्या वस्तूंची उष्णता परावर्तित करते. म्हणून प्रत्येक जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजलं. बाहेर सावलीत ४४. खणाच्या मध्यावर ३९, म्हणजे रॉकवुल आपलं काम चोख करतंय. पर्लिनच्या पोटाला मात्र ५३! छतावर समांतर तापलेल्या सळ्या ठेवाव्यात तसे ते पाईप खोलीवर उष्णता ओतत होते.

कारण सरळ आहे. पोलादाची उष्णतावाहकता रॉकवुलच्या हजारपटीहून जास्त. पाईप पोकळ असला तरी त्याच्या दोन उभ्या भिंती पत्र्याला भिडलेल्या, आणि उष्णतेला तेवढी वाट पुरते. इको-निवास संहिता २०१८ मध्ये (घरांसाठीची ऊर्जाबचत संहिता) छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आत येते तो आकडा, १.२ च्या आत ठेवायला सांगितलंय. ५० मिलिमीटर रॉकवुलचा नुसत्या खणापुरता हिशेब केला तर तो ०.६ च्या आसपास येतो, पण पाईप धरले की हा आकडा फक्त कागदावर उरतो.

पाईप ८० बाय ४० चा, उभा. रॉकवुल वरच्या ५० मिलिमीटरमध्ये, म्हणजे ३० मिलिमीटर पाईप खाली उघडा. तो झाकायला आधी २५ मिलिमीटर जाडीच्या एक्सपीएसच्या (थर्माकोलच्या जातीचा टणक फोम) पट्ट्या कापल्या. एक्सपीएस कापायला सोपं: कटरने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ ओढायची आणि टेबलाच्या कडेवर मोडायचं. पण एका पाईपला तीन पट्ट्या, म्हणजे दोन लांबलचक सांधे. वर वेल्डिंगचा टाका आला की पट्टी उचलली जाते आणि फटीतून गरम हवा वाहते. शिवाय चिकटवायचं कशाने? सॉल्व्हंटवाला रबर गोंद थर्माकोलच्या जातीचं काहीही खाऊन टाकतो. पीयू फोम चालतो, पण तो फुगताना पट्टी खाली ढकलतो आणि तो सुकेपर्यंत टेकू देत बसावं लागतं. या कामाने माझा अंत पाहिला.

तोडगा मिळाला एसीच्या डक्टमधून. तयार इन्सुलेटेड डक्ट बनवणारे पीआयआर या कडक फोमचा २० मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना फॉइल असलेला पॅनेल वापरतात. त्यात ते इंग्रजी व्ही-आकाराची खाच काढतात, बाहेरची फॉइल अखंड ठेवतात आणि पॅनेल घडी करून काटकोन करतात. पर्लिनलाही हेच हवं होतं! हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं, तर उरलेले लांब तुकडे भंगारच्या भावात मिळाले आणि तिथल्या कारागिराने ४५ अंशांचा रंधा कसा धरायचा तेही दाखवलं. २० चं पीआयआर २५ च्या एक्सपीएसपेक्षा सरस ठरतं, हा वरचा फायदा.

मापं लिहून ठेवतो, कुणाला तरी लागतील. पट्टीची रुंदी १८२. दोन्ही कडांपासून ५० वर एकेक खाच, दोन खाचांत ८२ अंतर. घडी केल्यावर आत ४२ ची जागा मिळते आणि दोन्ही पाय ३० चे. पाईप ४० चा, पण जागेतले जादा दोन मिलिमीटर कमी करायचे नाहीत. वेल्डिंगवाल्याचा पाईप कुठेच अगदी सरळ नसतो. खाच कापताना पट्टीखाली ॲल्युमिनियमचा चॅनेल गुण्यात धरला, म्हणजे रंधा भरकटत नाही. पहिली अखंड पट्टी पाईपवर टच्च बसली तेव्हा इतका आनंद झाला की घरच्यांना वर बोलावून दाखवली. त्या पाईपचं पोट आता ४१ वर आहे.

पर्लिन जिथे मुख्य कैचीवर (पर्लिनना पेलणारा सांगाडा) टेकते तिथे घोळ उरतो, कारण उष्णता वेल्डिंगमधून कैचीत उतरते. सांध्यापाशी ५०, पण फूटभर पुढे गेलं की कैची खोलीइतकीच. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर आवरण पुरे. त्याचा साचा खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापून घेतलाय.

रॉकवुल घेणाऱ्यांनी एक करावं: स्लॅब वजनकाट्यावर ठेवावा. १२०० बाय ६०० बाय ५० चा ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो) स्लॅब पावणेदोन किलोच्या आसपास भरायला हवा. एका दुकानाचा ४८ चा म्हणून दिलेला माल जेमतेम सव्वा किलो भरला. असला हलका स्लॅब खणात स्वतःच्या ताणावर उभा राहत नाही, मग दोन सूत जादा कापून दाबून बसवला तरी मधे लोंबतो. पावाच्या दातेरी सुरीला मात्र तोड नाही; महागडी खास सुरी घेऊ नका.

हे लिहिता लिहिता सुचतंय की उरलेल्या पाईपांना आवरण घालण्याआधी पत्र्यावर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारावा. जुना निळा पत्रा दुपारी साठीपार जातो. मुळातच उष्णता कमी आली तर खालचं सगळं हलकं होईल. पाऊस येण्याआधी पत्रा कोरडा मिळेल तोवरच हे होणार, म्हणून क्रम उलटा करतो: आधी अर्ध्या छताला कोट, मग दोन्ही अर्ध्यांची मोजणी, मग उरलेली आवरणं. फॉइलचे सगळे सांधे मात्र पावसाळ्याआधी टेपने बंद करणारच. निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षा गार होतो, आणि खोलीतली दमट हवा तिथवर पोचली की थेंब धरतात.

वळचणीला पत्र्याच्या लाटांची तोंडं उघडी आहेत. फोमचे तयार फिलर मिळतात, पण ते बसवले तर लाटांतली तापलेली हवा कोंडेल. बारीक स्टीलची जाळी लावायचा विचार आहे, म्हणजे हवा जाईल आणि गांधीलमाश्या येणार नाहीत. कुणी अशी जाळी लावली असेल तर ती पत्र्याला रिव्हेट केली की भिंतीत धरली, तेवढं सांगा.