मिडी स्विचर शेवटी नीट चाललं!

तीन आठवडे झाले, रात्री जेवण झालं की मी त्या डब्यासमोरच बसून राहिलो. गिटारच्या अँपचा (अँप्लिफायरचा) क्लीन म्हणजे साफ आणि गेन म्हणजे फाटक्या आवाजाचा चॅनल मिडी पेडलवरून (मिडी म्हणजे वाद्यांना डिजिटल आज्ञा पाठवायची पद्धत) बदलायचा, एवढंच काम, आत आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), ६एन१३८ ऑप्टोकपलर (सिग्नल उजेडातून पलीकडे देणारी चिप) आणि एक रिले (विजेवर चालणारा स्विच) जो अँपच्या फुटस्विच जॅकची टिप आणि स्लीव्ह हे दोन संपर्क जोडतो. पण दहातून तीनदा भलताच चॅनल, नाहीतर काहीच नाही.

आधी रिलेवर शंका आली. कॉइलवर उलटा डायोड नव्हता, नागपूरच्या बर्डीवरून १एन४००७ डायोड आणून लावला (रिले बंद होताना कॉइल जो झटका मारते त्याने आर्डुइनो रिसेट होत होतं, हा डायोड पाहिजेच). रिसेट थांबले, चुका तशाच.

मग मित्र म्हणे, "अबे, सिग्नल कसा येऊन राहिला ते तर पाय ना आधी." त्याच्या स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) लावलं आणि दिसलंच. मिडीचा वेग ३१२५० बॉड (सेकंदाला तेवढे बिट), म्हणजे एक बिट फक्त ३२ मायक्रोसेकंद, आणि ऑप्टोचं आउटपुट खाली झटक्यात येई पण वर चढताना रेंगाळत होतं, चौकोनी लाटेचा एक खांदाच गोल झालेला, त्यात बिट वाचणार कसे? ६एन१३८ च्या ७ नंबर पिनेपासून ग्राउंडला १० के (किलोओहम) चा रेझिस्टर डकवला आणि कड डोळ्यांदेखत सरळ उभी राहिली, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता!

काल कूलर बंद करून तासभर वाजवलं, एकही चॅनल चुकला नाही. आता डब्याला झाकण बसवतो.