उलटी धरलेली गिटार

"तारा उलट्या लावून दे, एवढंच काम आहे," म्हणत काकूंनी गिटार टेबलावर ठेवली. शनिवारची दुपार, दुकानात मी एकटाच. गिटार नातवाची, नातू शिकायला परगावी. काकू बासष्टच्या, बँकेतून निवृत्त, डावखुऱ्या. क्लासच्या सरांनी बजावलं होतं, आधी डावखुरी करून आणा, मग बघू.

एवढंच काम नसतं. मानेच्या टोकाचा नट दाखवला त्यांना. हाडाची पट्टी, सहा खाचा. जाड तारेची खाच रुंद, पातळ तारेची सुईएवढी. अदलाबदल केली की जाड तार खाचेत शिरत नाही आणि पातळ तार खडखडते. दुसऱ्या टोकाला, ब्रिजवर, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी म्हणजे सॅडल, तीही तिरकी असते, जाड तारेला किंचित जास्त लांबी लागते म्हणून. म्हणजे नवा नट, सॅडलची जुनी चर बुजवून नवी कोरायची.

"आणि नातू आल्यावर परत सुलट?"

"काकू, स्वेटर नाही हा, उसवायला."

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "लहानपणी याच हातावर छड्या खाल्ल्यात. लिहायला उजवा केला, पण कणीक आजही डाव्यानेच मळते."

कणीक म्हणाल्या आणि मला एलिझाबेथ कॉटन आठवल्या. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ लावला. नॉर्थ कॅरोलायनातल्या या कृष्णवर्णीय बाईंनी लहानपणी लोकांची घरकामं करून पैसे साठवले आणि 3.75 डॉलरची गिटार घेतली. शिकवायला कोणी नाही. डावखुऱ्या, म्हणून गिटार सरळ उलटी धरली, तारा जागच्या जागी. जाड तारा खाली गेल्या, त्या बोटांनी. पातळ वर आल्या, त्यांच्यावर अंगठ्याने चाल. सगळं जग याच्या उलट वाजवतं. त्यांचा तो खास डुलता ठेका यातूनच आला.

पुढे लग्न, मुलगी. चर्चवाल्यांनी असलं ऐहिक संगीत सोडायला सांगितलं आणि गिटार कित्येक वर्षं सुटली. नंतर वॉशिंग्टनच्या एका दुकानात कामाला असताना हरवलेली एक मुलगी त्यांनी आईकडे पोचवली. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. कॉटनबाई त्यांच्याच घरी स्वयंपाकपाण्याला लागल्या, आणि त्या घरातल्या गिटारीवर हात परत बसला. रूथ यांचा मुलगा माइक सीगरने ध्वनिमुद्रण केलं, 1958 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. वय साठीपार. ग्रॅमी मिळालं 1985 साली, नव्वदी ओलांडल्यावर. पोरवयात रचलेलं त्यांचं 'फ्रेट ट्रेन' हे गाणं 1957 मध्ये इंग्लंडात गाजलं, तेव्हा गीतकार म्हणून नावं मात्र भलत्यांचीच. हे सांगताना दरवेळी माझा आवाज चढतो.

काकूंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या अंगठा बघत होत्या. "पुन्हा लाव."

एरवी मी कुणाला असं वाजवा म्हणत नाही. पुस्तकातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, उलटे पडतात, सर कपाळावर हात मारतील. तेही सांगितलं.

"मारू दे."

शेवटी गंजलेल्या तारा काढून नव्या लावल्या, त्याच क्रमाने. पट्टा अडकवायचं बटण मात्र उलट्या बाजूला येत होतं, म्हणून मानेच्या बुंध्याला दुसरीकडे नवं भोक पाडावं लागलं.

"हे भोक राहणार हं, नातवाला कल्पना द्या."

"देते. आजीने पाडलं म्हणून सांगते."