मेळघाटातल्या टेकडीवर क्रुसाची वाट: पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी

चिखलदऱ्याकडच्या एका कोरकू गावामागच्या टेकडीवर गुड फ्रायडेची क्रुसाची वाट झाली; म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या १४ प्रसंगांच्या जागी, ‘स्थानां’वर, थांबून प्रार्थना करत पुढे जाण्याची कॅथलिक उपासना. अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, पुढे घाट. दुपारी ३ वाजता चर्चमध्ये दुःखसहनाची उपासना असते, म्हणून टेकडी सकाळीच चढायची. पहिलं स्थान ७ वाजता सुरू झालं तर साडेआठपर्यंत चौदावं होतं. त्यानंतर मुरूम तापतो आणि गुडघे टेकवत नाहीत. गोणपाटाचा तुकडा सोबत ठेवा. कुसळं कपड्यांतून आत जातात.

स्थानांची संख्या १४ अशी पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली ठरवून दिली. चित्रं नसली तरी चालतं, पण १४ क्रूस हवेतच, आणि लाकडी असावेत. जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा, नाहीतर पावसाळ्यात वाळवी खाते. पूर्ण दंडमाफीसाठी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांची उरलेली शिक्षा माफ होण्यासाठी, एका स्थानाकडून दुसऱ्याकडे चालणं आवश्यक आहे. गर्दीमुळे सगळ्यांना हलता येत नसेल तर प्रार्थना सांगणाऱ्याने चाललं तरी पुरतं. पापनिवेदन, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) स्वीकारणं आणि पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, हेही त्यासोबत लागतं.

सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाज. कर्णा (लाउडस्पीकर) पुढे, माणसं दोनशे पावलं मागे. पुढचे ‘हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो’ म्हणतात, तेव्हा मागचे अजून गाण्याच्या कडव्यात असतात. शेवटचा माणूस पोचेपर्यंत स्थान सुरूच करू नये. कर्णा रांगेच्या मध्यावर ठेवावा आणि चढणीवर एकच कडवं पुन्हा पुन्हा गावं. धाप लागल्यावर नवं कडवं कुणाला आठवत नाही.

मोठा क्रूस ४ इंच चौरस सागाचा, ८ फूट उभा आणि ४ फूट आडवा केला, तर २० किलोच्या वर भरतो. एकट्याने नेऊ नये. आम्हाला पाचव्या स्थानाला, येशूचा क्रूस वाहायला शिमोन कुरेनेकर येतो तिथे, खांदेकरी बदलणं सगळ्यात योग्य वाटतं; प्रार्थना आणि गरज तिथे एकत्र येतात. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला, येशू पडतो तिथे, क्रूस जमिनीला टेकवताना मागचं टोक धरायला दोघं हवीत, नाहीतर तो उतारावर घसरतो.

मेणबत्ती, उदबत्ती नकोच. मोहफुलांचा हंगाम असतो, जंगलात पाचोळा कोरडा असतो आणि वणवा लगेच पेटतो. धुराने आग्या मोहळही उठतं. कड्याजवळच्या स्थानांवर तर कर्णासुद्धा बंद ठेवा.

उपवास १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांना आहे, पाण्याला मनाई नाही. माणशी १ लिटर पाणी चढण्याआधीच वाटून टाका, वर झरा नाही. मुलं, गरोदर बाया आणि म्हाताऱ्यांसाठी गूळ-फुटाणे न्या. त्यांनी खाल्लं तर कुणी टोकू नये. परतीची एसटी किती वाजता आहे ते परतवाडा आगारात आदल्या दिवशीच विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी काही फेऱ्या रद्द होतात.