धरून ठेवायचं नाही

काल गावी दांडीच्या खडकांवर लेकीचा तळवा कालवाच्या शिंपल्याने कापला. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला दवाखान्यात नेलं तर मी तोंड उघडेपर्यंत दोघांनी पाय धरले, एकीने खांदे, आणि ती जी किंचाळली ना, अजून कानात आहे. लहानपणी टाके घालताना मलाही असंच चौघांनी धरलेलं, आज चाळिशीत सुद्धा सुई दिसली की हात गार पडतात.

गेल्या वर्षी अमेरिकेत सिएटलला तिचं रक्त घ्यायचं होतं. तासभर आधी कोपराच्या खळगीत बधीर करणारं मलम लावलं, मग एक बाई फक्त तिच्याशी बोलायला आली, सुई कधी, टोचल्यावर काय वाटेल, सगळं खरं सांगितलं, आणि मग डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, ज्यात आपण दुसऱ्याच जगात आहोत असं दिसतं. आत समुद्र. हात हलवायचा नसतो म्हणून मान वळवून खेळायचं. सुई आत गेली तेव्हा ही म्हणते, "आई, तुझ्या मागे कासव बघ!" आणि मी खरंच मागे वळले.

दुखताना असा हेडसेट लावायची सुरुवात सिएटललाच झाली, भाजलेल्या पेशंटची ड्रेसिंग बदलताना. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी २००० साली दोन मुलांवरचा अनुभव छापला, नंतर खास बर्फाचं जग बनवलं, त्यात शिरून बर्फाचे गोळे मारायचे. मन तिकडे गुंतलं की दुखण्याकडे द्यायला लक्षच उरत नाही. सगळ्यांना चालतं असं नाही, कुणाला गरगरतं, फिट येणाऱ्या मुलांना देत नाहीत, आणि सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन रिव्ह्यूत पुरावा अजून कच्चाच म्हटलाय. पण मी माझ्या पोरीचे पाय बघितले, बोटं आखडली नव्हती.

मामी म्हणाली, "आमच्या वेळाक खंय होती गो ही थेरां? वाढलंवच मां?" वाढलो, पण भीती घेऊन वाढलो ना! तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, तिकडची बिलं बघितली तर चक्कर येईल, आणि इथे बाहेर शंभर पेशंट बसलेले असताना डॉक्टर तरी काय करणार. पण धरून ठेवू नका एवढं सांगायला मशीन लागत नाही.

काल दवाखान्यात मी ओरडलेच, सोडा तिला. सोडलं. मांडीवर घेतलं, कासव कुठे गेलं विचारलं, ती रडत रडत सांगत राहिली, झालं इंजेक्शन. निघताना डॉक्टरांना म्हटलं, पुढच्या मे महिन्यात एक हेडसेट आणून देऊ का? ते म्हणाले, "आणा, पण आधी त्या मलमाचं नाव लिहून द्या."