क्लुनी–सालोर्ने रस्ता टाळा, बाकी दक्षिण बर्गंडी सायकलवर बिनधास्त करा

ज्यासाठी हे लिहायला घेतलं तेच आधी सांगतो. फ्रान्सच्या दक्षिण बर्गंडीत जुनी चर्चं बघत सायकल चालवायला जाणार असाल, तर क्लुनी ते सालोर्ने हा डी ९८० रस्ता करू नका. अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण आमच्या अख्ख्या प्रवासाचा रस या एका तुकड्याने शोषून घेतला. भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानाने सोबत एक तयार जीपीएस फाइल दिली होती. चर्चं जोडणारा शांत मार्ग, रहदारी नगण्य, असं तिच्यासोबतच्या कागदावर छापलेलं. आम्ही दोघांनी दुकानदाराला दोन-दोनदा विचारलं. तो म्हणाला, सगळे आमचे गिऱ्हाईक याच रस्त्याने जातात.

हा रस्ता मोंसो-ले-मीनकडे जातो. ते जुन्या कोळसाखाणींचं, कारखान्यांचं गाव आहे, त्यामुळे मालवाहतूक आलीच. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर हातभर डांबर, त्यापुढे गवत, गवताखाली चर. क्लुनी सोडलं की चढ लागतो, म्हणजे आपला वेग ताशी नऊ-दहा, आणि मागून येणारा ट्रक ऐंशीच्या आसपास. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा नियम आहे आणि मोटारवाले तो मनापासून पाळतात, हे कबूल. पण समोरून वाहन येत असेल तर ओंडक्यांनी भरलेला ट्रेलर आपल्यामागे गिअर टाकून रांगत राहत नाही. तसा एक आमच्या इतक्या जवळून गेला की लाकडाच्या सालीचा भुगा तोंडावर आला. आधी हवेचा धक्का बाहेर ढकलतो, आणि ट्रेलरचं शेपूट निघून गेलं की तीच हवा आत ओढते. मागे दोन्ही बाजूंना पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, लावलेले असतील तर हँडल दोन्ही हातांनी आवळून धरावं लागतं. माझा मित्र रोज पुणे-सातारा रस्त्याने कामाला सायकलने जातो, रहदारीला घाबरणारा माणूस नाही. तोही तिसऱ्या ट्रकनंतर खाली उतरला आणि गवतातून सायकल ढकलत चालू लागला.

हे टाळायचा मार्ग आहे, आणि तो उत्तम आहे. क्लुनीहून पुढे पश्चिमेला शारोलला जायचं तर उत्तरेकडे सालोर्नेला जाऊच नका. नैऋत्येला माझिय गाठा, तिथून बेर्जस्रँ, ब्युफिएर, सिव्हिन्यों, स्युएँ, बोबेरी आणि मग शारोल. सुमारे ४५ किलोमीटर पडतात आणि चढ जास्त आहे. स्युएँची टेकडी सहाशे मीटरच्या आसपास आहे, क्लुनी अडीचशेच्या आसपास, आणि मध्ये दोन-तीनदा मिळवलेली उंची घालवून पुन्हा कमवावी लागते. पुण्याजवळचा बोपदेव घाट न थांबता चढता येत असेल तर हा दिवस जड जाणार नाही. येत नसेल तर आधी तो सराव करा, मग तिकिटं काढा. सालोर्नेपर्यंतचे हाल भोगून आम्ही दुसऱ्या दिवशी मागे फिरलो आणि हा रस्ता केला, तेव्हा सिव्हिन्यों ते स्युएँ या टप्प्यात आम्हाला दूधवाल्याची एक गाडी आणि एक ट्रॅक्टर भेटला, बस्स. स्युएँच्या चर्चमागून वर चालत जा. चारी दिशांना कुंपणांनी आखलेली कुरणं आणि त्यात पांढऱ्या शारोले गाई. पाय भरून आले होते, तरी मी तिथे मोठ्याने ओरडलो. हा दिवस चुकवू नका.

रस्ता निवडायचा नियम एकच: दुसऱ्याच्या जीपीएस फाइलवर विसंबू नका, कागदी नकाशा घ्या. मिशेलिनचा १:१५०,००० प्रमाणाचा स्थानिक नकाशा पुरतो. त्यात लाल आणि पिवळे रस्ते सोडायचे, पांढरे धरायचे. पिवळ्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. ती निसर्गरम्य असल्याची खूण आहे, रहदारी कमी असल्याची नाही. पांढरे रस्ते एका गावाच्या चर्चकडून दुसऱ्या गावाच्या चर्चकडे जातात, कारण ते मुळात त्याचसाठी होते. घंटेचा मनोरा दिसला की गाव आलं.

आता सुरुवातीपासून. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून दिजोंमार्गे ल्योंला जाणारी टीईआर, म्हणजे प्रादेशिक, गाडी शालों, तुर्न्यू, माकों इथे थांबते आणि तिच्यात सायकल उभीच्या उभी चढवता येते. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीच्या मागे लागू नका. तिथे बहुतेक गाड्यांत चाकं काढून १३० × ९० सेंटिमीटरच्या पिशवीत सायकल कोंबावी लागते. आम्ही तुर्न्यूला उतरलो. तिथलं सँ-फिलिबेर हे मठाचं चर्च अकराव्या-बाराव्या शतकातलं. ८७५ मध्ये नुआरमुतिए बेटावरचे साधू संत फिलिबेरच्या अस्थी घेऊन इथे पोचले आणि हा मठ मोठा झाला. आत गेल्यावर आधी वर बघा. साधारणपणे कमानीचं छत चर्चच्या लांबीला समांतर जातं, इथे ते आडवं टाकलंय, एकामागून एक, म्हणून भिंतीत वर खिडक्या ठेवता आल्या आणि आत उजेड भरपूर आहे. गुलाबी दगडाचे गोल खांब सरळसोट वर गेलेत, नक्षी जवळजवळ नाहीच. तासभर द्या.

तुर्न्यूहून डी १४ने ओझने, मग ब्रांस्योंची खिंड. हा रस्ता पिवळा असूनही चालण्याजोगा आहे, पण सकाळी नऊच्या आत निघा. ब्रांस्यों गाव खिंडीच्या वर टेकडीच्या टोकाला आहे. मोटारी बाहेरच ठेवाव्या लागतात, त्यामुळे गावात शांतता. शेवटचा चढ तीव्र आहे, तरी चढाच. गावाच्या टोकाला दगडी कौलांचं सँ-पिएर चर्च, आत चौदाव्या शतकातली भित्तिचित्रं. खाली उतरलं की शापेझ. मला सगळ्यात आवडलेलं चर्च हेच. अकराव्या शतकातलं, मनोरा पस्तीस मीटर उंच आणि चर्च त्यामानाने बुटकं, त्यामुळे मैलभर अंतरावरूनही तो मनोराच दिसत राहतो. आतले खांब इतके जाड की दोघांनी हात पसरून कवळ घातली तरी पुरत नाही, आणि छताच्या भाराने ते बाहेरच्या बाजूला कललेत. ओळीच्या सुरुवातीला उभं राहून एक डोळा मिटून बघा, कल स्पष्ट दिसतो. दगडावर हात ठेवला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात.

कोर्मातँपासून क्लुनीपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग आहे. जिव्री ते क्लुनी असा हा मार्ग १९९७ साली खुला झाला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. सपाट, डांबरी, सावलीचा. याबद्दल जास्त लिहीत नाही, लहान मुलंही करतात. वाटेत तेझे हे ख्रिस्ती मठवासी समुदायाचं गाव लागतं. उन्हाळ्यात तिथे जगभरातून तरुणांचे लोंढे येतात, शांतता हवी असेल तर बाहेरूनच पुढे जा.

क्लुनीत एक रात्र पुरे. मठ ९१० सालचा. १०८८ मध्ये मठाधिपती ह्यूगने तिसरं चर्च बांधायला घेतलं. ते १८७ मीटर लांब होतं आणि रोममधलं सेंट पीटर नव्याने उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि लोकांनी खाणीसारखे त्याचे दगड काढून नेले. आज उभा आहे तो मुख्यतः दक्षिणेकडचा आडवा हात आणि त्यावरचा मनोरा. तिकीट काढून आत जा, त्या उरलेल्या तुकड्याखाली उभं राहिलं की गेलं ते केवढं होतं ते कळतं आणि वाईट वाटतं. आसपासच्या दरीतल्या गावागावांत इतकी रोमनेस्क (जाड भिंती, गोल कमानी अशा जुन्या शैलीची) चर्चं का, याचं उत्तरही इथेच आहे: मठाचा पैसा, मठाच्या जमिनी, मठाचे गवंडी. पुढे गावं गरीब राहिली, जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसा नव्हता, म्हणून ती टिकली.

क्लुनीच्या दक्षिणेला बेर्झे-ला-व्हिलला मठाच्या साधूंचं छोटं प्रार्थनागृह आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीची भित्तिचित्रं तिथे चुन्याखाली दडलेली होती, ती १८८७ मध्ये सापडली. सायकलमार्ग तिकडे बोगद्यातून जातो, लांबी १६०० मीटर. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बोगदा बंद असतो, मग खिंड चढून जावं लागतं. मे-जूनमध्ये जा म्हणजे तो प्रश्नच नाही. आत दिवे आहेत तरी आपला दिवा लावा आणि जॅकेट घाला, घामेजलेल्या अंगाला तिथला गारठा बाधतो.

पारे-ल-मोन्यालच्या दक्षिणेचा ब्रियोने हा भाग या प्रवासाचा कळस आहे. घाई करू नका. पारेचं चर्च बघून आंझी-ल-द्युकला जा. पिवळ्या चुनखडीचा, तीन मजली, अष्टकोनी मनोरा दुपारी चारनंतर बघावा, त्या उन्हात दगड अक्षरशः पेटतो. जवळच मोंसो-लेत्वालच्या दारावर ख्रिस्ताचं स्वर्गारोहण कोरलंय, आणि कमानीतली शिळा व तिच्याखालची पट्टी एकाच दगडातून काढलेली आहे. सम्यूर हे मठाधिपती ह्यूगचं जन्मगाव, टेकडीवर. हा सगळा भाग खालीवर आहे. चढ छोटे, पण संपत नाहीत, आणि संध्याकाळी मांड्यांत गोळे येतात. मागचं सर्वांत मोठं दातेरी चक्र ३२ दात्यांचं तरी असू द्या, टायर २८ ते ३२ मिलिमीटर. परतताना मार्सिन्यीजवळ ल्वार नदी ओलांडून पलीकडच्या कालव्याचा काठ धरा, तो सपाट आहे.

खाण्याचं आधी ठरवून ठेवा, नाहीतर उपाशी मराल. गावातलं उपाहारगृह बारा ते दीड जेवण देतं. पावणेदोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, विनवण्या करून काही होत नाही. बेकरीसुद्धा दुपारी बंद होते. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर अख्खं गाव बंद. रविवारी सकाळीच सोमवारसाठी पाव, चीज, केळी घेऊन पॅनियरमध्ये टाका. शाकाहारी असाल तर ऑम्लेट, बकरीच्या चीजचं सॅलड आणि बेकरीतले चीजचे गुगेर यांवर दिवस काढता येतात. आम्ही सोबत नेलेल्या मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीने दोन वेळा तारलं. पाण्याची मात्र चिंता नको. दफनभूमीच्या फाटकाच्या आत फुलांना घालण्यासाठी नळ असतो आणि दफनभूमी चर्चच्या आसपासच सापडते. नळावर पाणी पिण्याजोगं नसल्याची पाटी आहे का ते आधी बघा, नसेल तर बाटल्या भरा.

आता भाड्याच्या सायकलींचं. सायकल परत करताना दुकानाने मागच्या रिमवरच्या ओरखड्याचे ४० युरो आणि साखळी साफ करण्याचे वेगळे पैसे कापले. ओरखडा आमच्या हातात सायकल आली तेव्हाच होता, पण आमच्याकडे पुरावा नव्हता आणि अनामत रक्कम कार्डावर अडकलेली होती. सरळ लुबाडणूक आहे ही. सायकल ताब्यात घेतानाच दुकानदारासमोर दोन्ही रिम, डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), फ्रेमची खालची बाजू यांचा व्हिडिओ काढा आणि प्रत्येक ओरखडा करारावर लिहून त्याची सही घ्या. तो कुरकुरला तरी हटू नका. कॅरियर, पंप, कुलूप यांचे पैसे भाड्यात धरलेत की वर लावणार, तेही लेखी घ्या. आठवड्याहून जास्त राहणार असाल तर आपली सायकल विमानातून नेणंच परवडेल, असं आता हिशेब मांडल्यावर दिसतंय.

गावात शिरताना उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला वाट द्यावी लागते, ती गल्ली कितीही बारीक असली तरी. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट घालणं सक्तीचं आहे, नाहीतर दंड. आणि ब्रियोनेत बुधवार असेल तर सँ-क्रिस्तोफकडचे रस्ते सोडून द्या. त्या दिवशी तिथे गुरांचा मोठा बाजार भरतो, आणि जनावरं भरलेले ट्रेलर अरुंद पांढऱ्या रस्त्यांवरही येतात. बाजार बघायचाच असेल तर मंगळवारी रात्री गावाजवळ मुक्काम करा आणि बुधवारी चालत जा. पारेहून परतीच्या गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा.