लॅपटॉप घेताना आधी वॉरंटीच्या अटी वाचल्या

माझ्या जुन्या लॅपटॉपची उजवी बिजागरी निखळली तेव्हा तो घेऊन २० महिने झाले होते. वॉरंटी दोन वर्षांची, म्हणून मी निर्धास्त होते. पाच दिवस ठेवून घेतल्यावर सर्व्हिस सेंटरने कळवलं, 'हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही.' मी तो एकदाही पाडला नव्हता. भाषांतराचं काम माझं. दिवसातून दहा-बारा वेळा झाकण उघडायचं आणि मिटायचं, एवढंच.

उघडलेला लॅपटॉप बघितला तेव्हा उलगडा झाला. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळेच्या इवल्याशा नटांत बसवलेले होते. बिजागरी जड होत गेली तसा झाकण उघडतानाचा सगळा जोर त्या नटांवर येत राहिला, आणि शेवटी ते प्लास्टिकसकट उपटून आले. चूक रचनेतली आणि भुर्दंड मला. याचा राग अजून गेलेला नाही. एकूण १९ दिवस मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम केलं आणि तरीही एक काम हातचं गेलं.

नवा घेताना म्हणूनच प्रोसेसरकडे नंतर वळले. आधी सर्व्हिस मॅन्युअल वाचलं. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या ऑफिसच्या वापरासाठी बनवलेल्या मालिकांची मॅन्युअलं कंपन्या सगळ्यांसाठी खुली ठेवतात. कुठला भाग कोणत्या क्रमाने काढायचा, हे सगळं त्यात चित्रांसकट असतं. कीबोर्ड सुटा बदलता येतो, की त्यासाठी अख्खं वरचं कव्हर बदलावं लागतं? रॅम स्लॉटमध्ये आहे, की बोर्डावरच सोल्डर केलेली? एकाच नावाच्या मालिकेतही ही उत्तरं मॉडेलगणिक बदलतात, विशेषतः अगदी पातळ मॉडेलांत.

'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्यावर मी विसंबले नाही. मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकी संरक्षण खात्याचा चाचणीपद्धतींचा संच आहे. त्याची 'एच' आवृत्ती २०१९ची. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे लॅपटॉपची कंपनी स्वतः ठरवते, आणि ते खातं लॅपटॉपला प्रमाणपत्र वगैरे देत नाही. माझ्या बिजागरीचं काय होणार, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला वॉरंटीच्या अटींत, आणि तो जायलाच हवा होता. मशीन आपण नेऊन द्यायचं, की तंत्रज्ञ घरी येणार? 'नेक्स्ट बिझनेस डे' म्हणजे तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. आधी फोनवर तपासणी होते, बिघाड पक्का ठरतो, मग तो दिवस मोजायचा, तोही सुटा भाग हाताशी असेल तर. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुतेकदा एकाच वर्षाची असते. पडणं, पाणी सांडणं यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. मी तीन वर्षांची घरपोच सेवा घेतली, त्यावर अपघाती नुकसानीचं संरक्षणही घेतलं, आणि त्यासाठी स्क्रीन एक पायरी साधी पत्करली. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून पाहिला, तर वॉरंटी माझ्या बिलाच्या दोन महिने आधीच सुरू झालेली! बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेतली.

आठव्या महिन्यात चार्जिंगचा यूएसबी-सी पोर्ट गेला. तो मदरबोर्डलाच जोडलेला, म्हणजे बोर्डच बदलायचा. तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ घरी आले आणि माझ्या टेबलावर तासाभरात काम झालं. त्यांनी एसएसडी काढून आधी माझ्या हातात दिली. गिऱ्हाइकांचे गोपनीय मजकूर होते तिच्यात, मला फार हायसं वाटलं. पण लॅपटॉप सुरू केला तर निळा पडदा: बिटलॉकरची रिकव्हरी की द्या. बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. त्या कुलपाची (एन्क्रिप्शनची) किल्ली जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते, त्यामुळे बोर्ड बदलला की सहसा ही ४८ आकडी की लागते. माझ्याकडे ती कागदावर उतरवलेली होती. तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, बऱ्याच जणांकडे नसते हो." तुमची कुठे आहे, ते आजच बघून ठेवा.